तीस टक्के बदललं की चित्र आपलं होत नाही

‘गोव्यात फ्रीलान्स इलस्ट्रेटर व्हायचंय? हे सहा नियम पाठ करा’ असा एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. काल तो पणजीच्या कला महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, हे खरं आहे का गं?’ नाही. एक नियम अर्धा खरा आहे, बाकीचे पाच चूक. आणि त्यातले दोन मुलांना थेट वकिलाच्या दारात नेऊन उभे करतील, म्हणून आधी तेच घेते.

नियम दुसरा: ‘नेटवरचं चित्र ३० टक्के बदललं की ते आपलं.’ ही टक्केवारी आणली कुठून? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तो पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचा, त्यात तीस नाही, दहा नाही, पन्नासही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात कसोटी घालून दिली आहे: दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाची दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे अशी खात्री पटली, तर ती नक्कल.

आता एखाद्या शॅकचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीचं, मेनूकार्ड घ्या. नेटवरून कुणीतरी काढलेला पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, उचलला. सायकल, मागे पावांची टोपली, हात हॉर्नवर. सदऱ्याचा रंग बदलला, टोपी काढली, चित्र आरशासारखं उलटं केलं, मागे चार माड टाकले. पिक्सेल मोजले तर ऐंशी टक्केही बदललं असेल. पण पायडल मारताना वाकलेली पाठ, गिऱ्हाइकाकडे वळलेली मान, टोपलीचा कल, रेघ कुठे जाड होते आणि कुठे तुटते, हे सगळं मूळ चित्रकाराचंच राहिलं. तो आपलं चित्र ओळखतो ते यावरूनच. ‘पोदेर सायकलवरून पाव विकतो’ ही कल्पना मात्र कुणाच्या मालकीची नाही. ती शंभरदा काढा. पहाटे कोपऱ्यावर उभं राहून पाच-सहा झटपट रेखाटनं करा, स्वतः फोटो घ्या आणि त्यातून चित्र बांधा. उचललेलं चित्र लपवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हे होतं.

तिसरा नियम याचाच भाऊ: ‘मारियोची चित्रं आता सगळ्या गोव्याची, बिनधास्त वापरा.’ हे वाचून खरंच राग आला. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा ११ डिसेंबर २०११ ला गेले. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे २०७१ संपेपर्यंत टी-शर्ट असो, कप असो की भिंत, परवानगी हवीच. पणजीच्या फोंतायनाश वाड्यातली जुनी घरं मात्र खुशाल काढा आणि छापा. इमारतीचं चित्र काढायला कलम ५२ मोकळीक देतं. पण त्याच घराच्या भिंतीवर कुणी म्युरल रंगवलं असेल, तर ते उचलून कपावर छापायची मोकळीक त्यात नाही.

‘आयपॅड घेतला की धंदा सुरू’ हा पहिला नियम. यावर काय बोलणार? पेन्सिल घेतली की सुरू, असंही म्हणता येईल.

‘एआय आलंय, चित्र दहा मिनिटांचं काम, दर मागू नका’ हा सहावा. दहा मिनिटांत पडद्यावर चित्र दिसतं हे कबूल. पण १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम ८.७ सेंटिमीटर भरतं. ए-फोर पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, वर चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना छाटली जाणारी जादा कड. पडद्यावरचा झगझगीत हिरवानिळा समुद्र सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत मळकट होतो, कारण तो रंग छपाईच्या शाईत बसतच नाही. म्हणून सुरुवातीपासूनच छपाईचे रंग धरून काम करावं लागतं. फेणीच्या लेबलाचं उदाहरण घ्या. बाटली गोल, त्यामुळे गुंडाळलेल्या लेबलाचा फार तर तिसरा हिस्सा समोरून दिसतो. नाव आणि मुख्य आकृती तेवढ्यातच बसवायची, जोडावर महत्त्वाचं काही येऊ द्यायचं नाही, कायद्याने लागणाऱ्या मजकुराला जागा सोडायची. बाटली बर्फात बसणार, म्हणजे साधा कागद फुगणार आणि सुटणार. मुलांच्या पुस्तकाचे घोळ वेगळे: ३२ पानं, जोडपानाच्या मधल्या शिवणीत चेहरा आला की गिळला जातो. मजकूर वेगळ्या लेयरवर ठेवला नाही तर कोंकणी आवृत्तीनंतर मराठीसाठी चित्रं पुन्हा खरवडत बसा. भिंतीचं काम तर पावसाळ्यात घेऊच नये. ओल जिरलेल्या गिलाव्यातून क्षार वर येतात आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. नवा गिलावा असेल तर महिनाभर थांबून, मग प्रायमर, मग रंग.

‘पहिली तीन कामं फुकट करा, नाव होईल.’ हा चौथा. छापखाना पहिली तीन कामं फुकट छापतो का, एवढं विचारा.

उरला पाचवा: ‘पैसे दिले की सगळे हक्क ग्राहकाचे.’ हाच तो अर्धा खरा. कलम १७ म्हणतं की मोबदला देऊन करवून घेतलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची. त्या वाक्यात रेखाटनाचा उल्लेख नाही, पण त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा उलट करार करून मोकळं व्हावं. हक्क लिहून द्यायचेच असतील तर कलम १९ बघा: मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नाही तर भारत. आणि सगळं देऊन टाकलं तरी चित्राखाली नाव मागण्याचा आणि चित्राची मोडतोड अडवण्याचा हक्क कलम ५७ चित्रकाराकडेच ठेवतं.

तेव्हा कुणी लेबल काढून मागितलं की एवढा ईमेल पाठव: ‘एक चित्र, ७५० मिलिलिटर बाटलीचं लेबल. कॉपीराइटची पहिली मालकी चित्रकाराची. वापर लेबलावर आणि त्याच उत्पादनाच्या जाहिरातीत, तीन वर्षं, भारतात. कच्च्या रेखाटनात दोनदा बदल. रंगकाम सुरू झाल्यावरच्या बदलांचे वेगळे पैसे. निम्मी रक्कम आधी. काम मध्येच थांबवलं तर ती परत नाही.’ त्यावर समोरून ‘मान्य’ असं लेखी येईपर्यंत पेन्सिल हातात घेऊ नकोस.