‘साहेबाचं वेब्ली’ आणि नळीची बिजागरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘सडेतोड शनिवारकर’,

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उरकता येण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांकडचं, नाव घासून गेलेलं, स्प्रिंगवर चालणारं छऱ्यांचं पिस्तूल ओळखलं होतं. ते पश्चिम जर्मनीतल्या रास्टाट गावच्या ‘मायर उंड ग्रामेलश्पाखर’ कारखान्यातलं मॉडेल 5 आहे, 1964 सालचं, असं माझं म्हणणं. ते गृहस्थ तुमचे काका निघाले. तुमचं म्हणणं असं, की हे पिस्तूल तुमच्या आजोबांना खडकीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने 1946 साली मायदेशी परतताना दिलं, त्यामुळे ते वेब्लीचंच. शिवाय तुमच्या मते, अंगावर नाव नसताना नाव सांगणं ही पत्रिका नसताना भविष्य सांगण्याची तऱ्हा झाली. मी ते एकदा उडवून आवाजही ऐकला नाही. आणि वर, लोकांना हत्यारांचा नाद लावतो.

वेब्लीपासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न सगळ्यात लवकर निकालात निघतो.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं पहिलं छऱ्यांचं पिस्तूल 1924 साली बाजारात आलं. त्यानंतर ज्युनियर, सीनियर, प्रीमियर अशी बरीच मॉडेलं आली, पण मांडणी तीच राहिली: सिलिंडर खाली आणि नळी त्याच्या डोक्यावर, दोन्ही समांतर. नळीची बिजागरी पुढे, तोंडाच्या बाजूला. ताणायचं असेल तर अंगठ्याने मागची कडी सोडवायची, नळीचं मागचं टोक उचलायचं आणि नळी वर आणि पुढे फिरवायची. तिला जोडलेली पट्टी पिस्टनला पुढे ओढते. म्हणजे चाप दाबल्यावर वेब्लीचा पिस्टन मागे, नेम धरणाऱ्याच्या हाताकडे धावतो आणि हवा मागून वर चढून नळीत शिरते. चमत्कारिक वाटेल, पण एवढ्याशा लांबीत पुरेशी लांब नळी बसवण्याची ती फार हुशार युक्ती होती.

आता काकांचं पिस्तूल पाहा. नळी सिलिंडरच्या डोक्यावर नाही, पुढे आहे. बिजागरी नळीच्या मुळाशी, आणि नळी खाली मोडते, जशी जत्रेतली फुगे फोडायची बंदूक मोडते तशी. पिस्टन मागे ढकलला जातो आणि सुटल्यावर पुढे धावतो. नळी आणि सिलिंडर एकापुढे एक आल्यामुळे अख्खं पिस्तूल जवळजवळ 40 सेंटिमीटर लांब झालंय. वेब्ली सीनियर त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं मोठं भरेल. खडकीच्या साहेबाने काय दिलं हा प्रश्न वेगळा, पण त्या काळच्या कुठल्याही वेब्ली पिस्तुलाची नळी अशी मोडत नाही. इथे नाव असलं काय आणि नसलं काय, बिजागरी कुठे आहे ते तरी कोणी घासून काढू शकत नाही.

राहिलं साल. “1164 हा नुसता अनुक्रमांक आहे, त्याची तारीख कुठून केलीत?” असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. कोणीतरी हौसेने हे पिस्तूल बफिंगवाल्याकडे नेलं होतं. सिलिंडरची वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत झालीय आणि नाव तिथेच गेलंय. पण मुठीच्या वर, सिलिंडरच्या मागच्या टोकाला जो कोपरा आहे, तिथे बफचं चाक पोचलं नाही. त्या कोपऱ्यात जुनं काळं पॉलिश अजून आहे आणि त्यावर बारीक आकडे ठोकलेले आहेत. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. टॉर्च जवळजवळ आडवा, पत्र्याला टेकवून धरला की आकड्यांच्या कडांच्या सावल्या पडतात. मी बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून वरची पुसली, तेव्हा खाचांत पांढरं उरलं: 11, मग जागा, मग 64. या कारखान्याच्या युद्धानंतरच्या बंदुकांवर महिना आणि वर्ष असंच, दोन जोड्यांत ठोकलेलं सापडतं. अनुक्रमांक मधे जागा सोडून लिहायचं कारण नाही.

तरीही आकडे बाजूला ठेवू. मूठ प्लॅस्टिकची आहे, साचातून काढलेली. याच कारखान्याच्या युद्धापूर्वीच्या मॉडेल 5 ला लाकडी मूठ असे. उलट टोकाला, 1970 पासून जर्मनीत कमी ताकदीच्या हवाई बंदुकांवर पंचकोनात एफ हे अक्षर ठोकायला लागले. ते इथे कुठेच नाही. एफ नाही एवढ्यावरून मी साल ठरवणार नाही, पण सगळे धागे एकाच दिशेला जातात. आणि 1946 साली कोणी हे पिस्तूल भेट देऊ शकलं नसतं, कारण तेव्हा रास्टाटच्या कारखान्याला हवाई बंदुका करायची परवानगीच नव्हती.

इथे खरी गंमत सुरू होते. तुम्ही लिहिलंय, “समजा ते डायना आहे, तर माझ्या मित्राकडच्या डायनावर ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ का?” प्रतिक्रियेतला हा सगळ्यात चांगला मुद्दा. दुर्दैवाने तुम्ही तो कंसात टाकलात.

याकोब मायर आणि योसेफ ग्रामेलश्पाखर यांनी 1890 साली काढलेला हा कारखाना. डायना ही त्यांचीच खूण: शिकारीची रोमन देवी, एका हाताने बंदूक डोक्यावर उंचावलेली आणि धनुष्यबाण टाकून देणारी. (जाहिरात म्हणून याहून उद्धट चित्र मी पाहिलेलं नाही.) दुसऱ्या महायुद्धानंतर नुकसानभरपाईच्या व्यवहारात कारखान्याची यंत्रं आणि ‘डायना’ हे नाव, दोन्ही स्कॉटलंडमधल्या मिलार्ड ब्रदर्स, म्हणजे मिलब्रो, या कंपनीकडे गेलं. त्यांनी मदरवेलजवळ डायना नावाच्या बंदुका करायला घेतल्या. 1950 च्या सुमारास रास्टाटवाल्यांना पुन्हा हवाई बंदुका करायची मुभा मिळाली, तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांना स्वतःचंच नाव वापरता येईना. म्हणून तिकडे त्यांचा माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकला गेला. अमेरिकेत हेच मॉडेल 5 ‘विंचेस्टर 353’ म्हणून दुकानात होतं, आणि त्याचं थोरलं भावंड, मॉडेल 6, ‘विंचेस्टर 363’ म्हणून. नाव 1980 च्या दशकात रास्टाटला परत आलं, मिलब्रोचं बंदूक बनवणं थांबल्यावर.

तर तुमच्या मित्राकडचं डायना स्कॉटिश आहे आणि काकांचं, अंगावर डायना असो वा नसो, जर्मन. म्हणूनच मी लेखात ‘डायना मॉडेल 5’ न लिहिता ‘रास्टाटचं मॉडेल 5’ लिहिलं. त्या पुसलेल्या जागी डायना होतं, ओरिजिनल होतं की विंचेस्टर, हे दुकानदाराचं प्रकरण. पोलाद कुठे कापलं गेलं ते यंत्ररचना सांगते, आणि नुसत्या नावावर विसंबलो असतो तर तुमच्या मित्राचं आणि काकांचं पिस्तूल मी एकाच कारखान्यात नेऊन बसवलं असतं.

मॉडेल 6 आणि 5 मधे मी कसा फरक केला, हेही एका दुसऱ्या वाचकाने विचारलंय, ते इथेच सांगतो. सहामधे कुर्ट गिस यांची दोन पिस्टनची रचना आहे: एक पिस्टन हवा दाबायला पुढे जातो, दुसरा त्याच क्षणी उलट दिशेने मागे, म्हणजे धक्का धक्क्याने मारला जातो. दोघांना जोडणाऱ्या दातेरी चाकांसाठी सिलिंडरच्या अंगावर गोल झाकणं असतात. काकांच्या पिस्तुलाला ती नाहीत, म्हणजे पाचच.

आता उडवून न पाहण्याबद्दल. काकांकडे छर्रे नव्हते, आणि रिकामं उडवणं हा स्प्रिंगच्या बंदुकीवरचा सगळ्यात मोठा अत्याचार. छर्रा नळीत असतो तेव्हा तो क्षणभर अडून बसतो, पिस्टनपुढे दाबलेल्या हवेची गादी तयार होते आणि पिस्टन तिच्यावर टेकतो. छर्रा नसेल तर हवा सुसाट निघून जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर उघडा आदळतो. साठ वर्षांची स्प्रिंग आणि सुकलेला वॉशर यांना तो एक धक्काही पुरतो. त्याहून वाईट म्हणजे नळी मोडलेली असताना चाप दाबणं. नळी इतक्या जोरात वर येऊन बसते, की कधी नळी वाकते, कधी मधे सापडलेलं बोट जातं. तुमच्या घरात मुलं आहेत असं काका म्हणाले, म्हणून हे ठळकपणे लिहितो.

न उडवता, नुसतं पाहून ओळखण्याची थट्टा मात्र मान्य नाही. शॉन कॉनरीच्या बाँडच्या जगभर गाजलेल्या जाहिरातीच्या फोटोंत त्याच्या हातात जे पिस्तूल आहे, ते वॉल्थरचं खरं पिस्तूल नाहीच. फोटोच्या दिवशी ते आणायला विसरले, म्हणून फोटोग्राफरने स्वतःचं वॉल्थर एलपी 53 त्याच्या हाती दिलं: छऱ्यांचं, स्प्रिंग मुठीत असलेलं. ती लांबलचक नळी पाहून माहीतगार आजही हसतात. 2010 साली क्रिस्टीजच्या लिलावात ते अडीच लाख पौंडांच्या वर गेलं. ओळखायला कोणालाही ते उडवावं लागलं नाही.

नाद लावण्याबद्दल एवढंच, की शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर (नळीचं भोक) किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर हवाई बंदुकीलाही परवाना लागतो. मॉडेल 5 हे 5.5 मधेही निघत असे, त्यामुळे नाव शोधण्याच्या आधी मी नळीचं तोंड मोजलं. 4.5 निघालं. पक्ष्यांवर छर्रे झाडणं मात्र कुठल्याही ज्यूलला गुन्हाच आहे. नेमबाजीची हौस असेल तर बालेवाडीला रेंज आहे.

आणि आजोबा. त्यांना खोटं पाडायचा माझा हेतू नव्हता, आणि लेखात मी तसं म्हटलेलंही नाही. जुन्या घरांत मी हे पुष्कळदा पाहिलंय: वस्तू दोन असतात, त्यातली एक जाते, आणि तिची गोष्ट उरलेलीला येऊन चिकटते. 1946 साली खडकीच्या साहेबाने वेब्ली दिलं असेल हे पूर्ण पटण्यासारखं आहे. ते कुठे आहे, हा प्रश्न तुम्ही मला विचारण्यापेक्षा घरातल्या थोरल्यांना विचारावा. काका म्हणाले, माळ्यावरच्या दोन ट्रंका कुलूप गंजल्यामुळे कोणी उघडलेल्याच नाहीत. नळी वर, सिलिंडर खाली, आणि अंगावर बर्मिंगहॅम किंवा पंख फुटलेली गोळी दिसली तर मला फोटो पाठवा, मी त्यावर वेगळा लेख लिहीन. फक्त त्याआधी ते बफिंगला देऊ नका.