जिनसेंगचा काढा पिऊन लस डबल स्ट्राँग होत नाही

एक फॉरवर्ड जोरात फिरतंय, की चिनी वनस्पतींनी लशीची ताकद दुप्पट होते हे सायन्सने मान्य केलंय, म्हणून लस घेतली की आठवडाभर जिनसेंगचा काढा प्या, झाडपाला आहे त्यामुळे अपाय काहीच नाही, आणि फार्मा कंपन्या हे दाबून ठेवतायत. ह्यात थोडं खरं आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

खरं काय, तर बऱ्याच लशींमध्ये इम्युनिटीला जागं करणारा एक जोडपदार्थ घालतात, ॲडज्युव्हंट. सगळ्यात जुना म्हणजे तुरटीच्या जातीतले ॲल्युमिनियमचे क्षार, १९२६ पासूनचे. जिनसेंग आणि हुआंगची ह्या चिनी औषधी वनस्पतींच्या मुळांतून काढलेली सॅपोनिन्स, म्हणजे साबणासारखा फेस करणारी द्रव्यं, तसंच काम करतात का ह्यावर चीनमध्ये भरपूर काम झालंय, जास्त करून उंदरांवर, आणि काही रिझल्ट खरंच चांगले आहेत.

पण तिथे शुद्ध केलेला पदार्थ मोजून लशीत मिसळतात आणि टोचतात, म्हणजे जिथे लस जाते तिथेच तो इम्युन पेशींना गोळा करतो. काढा जातो पोटात. जिनसेंगची सॅपोनिन्स आतड्यातून रक्तात फार कमी जातात, बरीचशी तिथले बॅक्टेरियाच तोडून टाकतात, मग दंडात टोचलेल्या लशीपर्यंत पोचणार काय?

"अहो पण माणसांवर प्रयोग झालाय!" झालाय ना. १९९६ मध्ये इटलीतला एक अभ्यास छापून आला, २२७ लोक, फ्लूची लस, अर्ध्यांना जिनसेंगच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि त्यांच्या अँटिबॉडी जास्त निघाल्या. पण तो ठरलेल्या मात्रेचा अर्क होता, १२ आठवडे रोज, लस द्यायच्या महिनाभर आधीपासून. ह्यातून लशीनंतर आठवडाभर काढा प्या हे कुठून निघालं?

कंपन्या दाबतात हे तर साफ खोटं. चिलीमधल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन नागिणीच्या शिंग्रिक्स लशीत आहे, एका डोसात फक्त ५० मायक्रोग्रॅम. आपल्या पुण्यात सीरममध्ये बनणाऱ्या आर२१ ह्या मलेरियाच्या लशीतसुद्धा क्विलायाचीच सॅपोनिन्स आहेत. झाडातून कामाचं काही मिळालं की कंपन्या ते वापरतात, विकतात, लपवतील कशाला.

आणि अपाय नाही म्हणता? हेच क्विलायाचं सॅपोनिन नुसतं ठेवलं तर लाल रक्तपेशी फोडतं, म्हणून शिंग्रिक्समध्ये ते कोलेस्टेरॉल असलेल्या बारीक थेंबांत बसवून देतात. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी चुकून दुसरंच, ॲरिस्टोलोकियाचं मूळ गेलं आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. जिनसेंगचंही तसंच बघावं लागतं, वॉरफरिन ह्या रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा परिणाम ते कमी करू शकतं, त्यामुळे घरात कोणी ती गोळी घेत असेल तर हा काढा देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.