खुर्ची टिकवायची असेल तर

राजकारणात नाव काढायचं ठरवलंय ना? मग अमेरिकेच्या सॅम ह्यूस्टनची तसबीर चुकूनही घरात लावू नका. या गृहस्थाला दोन वेगवेगळ्या राज्यांच्या जनतेने गव्हर्नर केलं आणि दोन्ही खुर्च्या त्याने मुदत संपायच्या आत घालवल्या. (गव्हर्नर म्हणजे तिकडचा मुख्यमंत्रीच समजा, राजभवनात फिती कापणारा नव्हे.)

पहिली टेनेसीची. 1829 च्या जानेवारीत लग्न, एप्रिलमध्ये बायको माहेरी, आणि यांचा राजीनामा तयार! कारण शेवटपर्यंत सांगितलं नाही. अहो, घरचं भांडण घरात ठेवावं. फार तर प्रकृतीच्या कारणास्तव चार दिवस दिसेनासं व्हावं. हा थेट चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीत जाऊन राहिला आणि इतकी ढोसली की तिथे नावच पडलं, ‘मोठा दारुडा’.

आरोप झाला की काय करावं, हे तुम्हाला शिकवायला नको. चौकशी समिती नेमावी आणि विसरून जावं. याने 1832 साली वॉशिंग्टनच्या भररस्त्यात आरोप करणाऱ्या खासदाराला काठीने बडवलं. खासदाराने पिस्तूल रोखलं, तर ते उडालंच नाही. दंड 500 डॉलर.

पुढे टेक्सास मेक्सिकोपासून सुटायला लढत होतं, तेव्हा हा त्यांचा सेनापती. 1836 च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोचा सेनानी सांता आना छावणीत वामकुक्षी घेत असताना याने हल्ला केला आणि अठरा मिनिटांत लढाई उरकली. एवढ्या भांडवलावर जन्मभर बसून खाता आलं असतं.

पण नाही. दुसरी खुर्ची याच टेक्सासची. 1861 साली टेक्सास अमेरिकेतून फुटून निघालं आणि गव्हर्नरसाहेबांना नव्या कॉन्फेडरसीची, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाची, शपथ घ्यायला सांगितलं. हात वर करायचा, चार ओळी म्हणायच्या. वर सभागृहात तीनदा नावाचा पुकारा झाला. हा खाली तळघरात चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसला होता. गुलामगिरीच्या विरोधात होता म्हणून गहिवरू नका, स्वतःच्या घरी गुलाम राबत होते. देश फोडायचा नाही, एवढाच हट्ट. खुर्ची वाचवायला लिंकन फौज देत होता, तर ते पत्रही चुलीत घातलं!

आदर्श ठेवायचाच तर एडवर्ड क्लार्कचा ठेवा. हाताखालचा लेफ्टनंट गव्हर्नर. शपथ म्हणाले, घेतली. खुर्ची म्हणाले, बसला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत 124 मतांनी पडला, ते सोडा.