‘नुसती खरखर’ म्हणणाऱ्या वाचकांस

रेडिओवरच्या बोलण्याच्या कार्यक्रमांबद्दलच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया चार वाक्यांची. उतारवयात बडबडही गोड लागते, हे पहिलं. रेडिओवर मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) नुसती खरखर असते, हे दुसरं. मग पॉडकास्टचं कौतुक आणि शेवटी, लेखात रेडिओत घालायच्या बॅटरी सेलबद्दल अवाक्षर नाही ही तक्रार.

सेलचं मान्य. सेल उतरू लागले की मोठा आवाज आधी फाटतो आणि आपण दोष स्टेशनला देतो. हे लेखात यायला हवं होतं.

पण वय काढायचं काय कारण? लहानपणी रटाळ वाटणारे बोलण्याचे कार्यक्रम मोठेपणी अचानक आवडू लागतात, एवढंच मी म्हटलं होतं. ते पटलं नाही तर तसं सांगा, टोमणा कशाला? शिवाय उमेदीची वर्षं रेडिओचे सेट उघडण्यात गेली आहेत. खरखर मला नवी नाही.

तर खरखर. वर ओढायची दांडी एफएमसाठी असते. मध्यम लहरींसाठी तुम्ही तीच फिरवत बसला असणार, अशी मला दाट शंका आहे. या लहरी पकडते ती सेटच्या आत आडवी बसवलेली, तारेचं वेटोळं घातलेली फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी. तिची लांब बाजू स्टेशनकडे असली की आवाज भरदार, टोक स्टेशनकडे गेलं की तो खोल जातो. म्हणजे फिरवायचा तो अख्खा सेट, आडव्या पातळीत, सावकाश. याचा उलटा उपयोग जास्त मोलाचा. खरखर जिथून येते तिकडे कांडीचं टोक करा. एका कोनात ती एकदम बसते आणि सेट जरासा पुढे गेला की पुन्हा उठते. ही जागा अरुंद असते, घाईत फिरवणाऱ्याला ती सापडत नाही.

आणि खरखर येते कुठून? बहुतेकदा तुमच्याच खोलीतून. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही. चार्जरमधलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं आणि त्या वारंवारतेच्या पटीतला गोंगाट थेट 530 ते 1600 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन पडतो. सेट सेलवर चालवा आणि एकेक प्लग काढत जा, चोर सापडेल. मग सेट त्याच्यापासून दोन-तीन मीटर लांब, खिडकीशी ठेवा. रात्री मागून दुसरंच स्टेशन डोकावतं, ते मात्र वेगळं प्रकरण: दिवसा या लहरी शोषणारा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला ‘डी’ थर सूर्यास्तानंतर विरतो आणि दूरची स्टेशनं पोचू लागतात. त्याला इलाज नाही, सेट फिरवून थोडा उतार पडतो एवढंच.

आता आवाजाचा पोत. मध्यम लहरींवर साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. गाण्याला तो तोकडा, बोलण्याला पुरून उरतो. टेलिफोन वर्षानुवर्षं 300 ते 3400 हर्ट्झवर चालला. गाण्यांसाठी बास चढवलेल्या सेटवर निवेदक घुमतो आणि ‘स’, ‘त’सारखी व्यंजनं बुजतात. बास उतरवा. क्षीण एफएम स्टेशनवर स्टिरिओ बंद करून मोनो लावा, सळसळ लगेच कमी होते. एवढं केलं की हलक्या आवाजातही शब्द न् शब्द कळतो, आणि ज्याला तुम्ही बडबड म्हणता तिच्यातली मजा तेव्हाच कळू लागते. फोन-इन कार्यक्रमांत काही ठिकाणी प्रसारण मुद्दाम काही सेकंद मागे ठेवतात. घरचा रेडिओ चालूच ठेवून फोन करणाऱ्याला स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकू येतं आणि तो अडखळतो. निवेदक ‘रेडिओ बारीक करा’ म्हणत त्याला सावरतो, तेही मूळ मुद्दा न सोडता. ही कसरत सगळ्यांना ऐकू येते. रस घ्यायचा तो तिच्यात.

पॉडकास्टचं म्हणाल, तर ऐका की! अडवलंय कोणी?

पुन्हा खरखरीबद्दल लिहाल तेव्हा सेट कुठे ठेवला होता आणि शेजारी कोणते प्लग लावलेले होते, तेवढं कळवा.