सूर्य मावळल्याचे आश्चर्य कसे वाटून घ्यावे

काल सायंकाळी सव्वासातला आमची वीज गेली, ती रात्री पावणेबाराला आली. थांबलेल्या पंख्याखाली घाम पुसताना वीजनियोजनाची जी मूलतत्त्वे मला उमगली, ती आपल्यासारख्या होतकरू नियोजनकारांसाठी येथे देत आहे.

सर्वप्रथम, सूर्य रोज मावळतो या माहितीकडे दुर्लक्ष करावे. दुपारी सौर वीज ओसंडत असताना तिचे आकडे अभिमानाने जाहीर करावेत. सायंकाळी ती शून्याकडे जात असताना घरोघरचे दिवे, एसी आणि चार्जिंगच्या गाड्या एकदम सुरू झाल्या की चकित व्हावे, आणि हे आश्चर्य रोज ताजे ठेवावे. सौर वीज वजा जाता उरणाऱ्या मागणीचा आलेख कॅलिफोर्नियाच्या ग्रीडचालकांनी 2013 मध्येच मांडला होता. दुपारी खोल पोट आणि सायंकाळी ताठ मान, म्हणून त्याला बदकाचे नाव पडले. दुपारची वीज बॅटरीत भरून किंवा पाणी उंचावरच्या जलाशयात चढवून साठवता येते, दुपारचा दर उतरवून मागणीही सरकवता येते. पण बॅटरी म्हणजे कुलूपबंद कंटेनर, त्याच्यापुढे फीत कापण्यात कसली शोभा?

देखभालीवर खर्च करू नये, कारण न बिघडलेल्या रोहित्राची बातमी होत नाही.

तक्रार क्रमांक मात्र अवश्य द्यावा. त्यावर मला 41 मिनिटे बासरी ऐकवण्यात आली. फोनची बॅटरी संपली आणि तक्रारही मिटली.

खापर फोडायला सूर्य आहेच. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी अंधारले, तेव्हाही अनेकांनी प्रथम त्याच्याकडेच बोट दाखवले. चौकशीत व्होल्टेजवरचे नियंत्रण सुटल्याचे आढळले, परंतु चौकशी अहवाल वाचतो कोण?

पुरे झाले. नव्या जोडण्या तुम्हीच मंजूर केल्यात, गाड्यांच्या चार्जिंगचा वाढीव भारही तुमच्याच सहीने कागदावर आला, तरी रोहित्र तेच जुने ठेवलेत, आणि आता आम्हाला एसी 26 अंशांवर ठेवण्याचा उपदेश करता? आम्ही ठेवतो, तुम्ही आधी आपले काम करा. काल रात्री तुमचा एकच माणूस आला. टॉर्च दातांत धरून, हातमोज्यांशिवाय त्याने फ्यूज बदलला. त्याच्यावर ओरडायला मी जिना उतरलो होतो; त्याला पाहून गप्प झालो. ते ओरडणे तुमच्या वाट्याचे आहे.