गोल मारला नाही म्हणजे खेळलाच नाही?

आठवडाभर एक मेसेज फिरतोय. पेठेच्या ग्रुपवर आला, तालमीच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि काल तर सासुरवाडीच्या ग्रुपवर येऊन पडला, जिथं एरवी गुड मॉर्निंगची फुलं सोडून काही येत नाही. वर ठळक अक्षरात "फुटबॉल कळायला कोच लागत नाही, डोळे लागतात" आणि खाली सहा मुद्दे. स्ट्रायकरनं गोल मारला नाही तर काढा. ॲपवर रेटिंग दहापैकी साडेसहाच्या खाली असलं तर बेंचवर बसवा. सगळ्यात भारी अकरा खेळवा, फॉर्मेशन-बिर्मेशन, म्हणजे कोण कुठं उभा राहणार ते, सगळ्या थापा. हरल्यावर टीम बदलत नाही तो कोच हट्टी. सिलेक्शन चालतं वशिल्यावर. आणि शेवटचा, गॅलरीला दिसतं ते कोचला दिसत नाही. त्याखाली "कोल्हापूरकर असाल तर पुढं पाठवा".

कोल्हापूरकर आहे, पण पुढं नाही पाठवणार. उत्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी कोच-बिच नाही, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत भडंगाची पुडी घेऊन बसणारा आणि घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस आहे, आणि ह्या सहातले चार मुद्दे मी स्वतः कधी ना कधी उभा राहून ओरडलोय. त्यामुळं मेसेज लिहिणाऱ्यावर राग नाही. राग आहे तो "विषय संपला" ह्या थाटावर.

पहिला मुद्दा बघा. गोल नाही तर बाहेर. ह्या नियमानं २०१८ चा वर्ल्डकप फ्रान्सनं जिंकायलाच नको होता. त्यांचा नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढचा स्ट्रायकर, ऑलिव्हिए जिरू, अख्ख्या स्पर्धेत ५४६ मिनिटं खेळला आणि गोल किती? शून्य. बरं गोल सोडा, गोलपोस्टच्या आत जाईल असा एक शॉट पण नाही. आपल्याकडं असता तर दुसऱ्या मॅचनंतर त्याच्या घरापुढनं मोटारसायकली पुंग्या वाजवत गेल्या असत्या. पण गंमत अशी की पहिल्या मॅचला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो सुरुवातीला नव्हताच, पुढं ग्रीझमान, एम्बापे, डेम्बेले असे तिघं चपळ गडी, आणि टीम नुसती अडखळत खेळत होती, २-१ नं कशीबशी सुटली. मग कोच देशाँनं पुढच्या मॅचपासून जिरूला आत घेतलं. तो काय करायचा? गोलकडं पाठ करून उभा राहायचा, मागचा धिप्पाड बॅक, म्हणजे समोरच्यांचा बचावपटू, अंगावर घ्यायचा, लांबनं आलेला बॉल छातीवर थांबवून ग्रीझमानला द्यायचा, आणि दोन बॅक त्याच्याच अंगाला चिकटलेत म्हटल्यावर एम्बापेला पळायला रान मोकळं. अर्जेंटिनाविरुद्ध एम्बापेचा दुसरा गोल आठवा, शेवटचा पास जिरूचा होता. फ्रान्सनं सात मॅचमध्ये १४ गोल मारले, नऊ नंबरचा एक पण नाही, आणि कप घरी. आणि हे पहिल्यांदा नव्हतं झालं, १९९८ ला त्यांनी कप जिंकला तेव्हा पण स्ट्रायकर गिवार्शचा स्पर्धेत गोल नव्हता. ह्याच जिरूनं पुढं २०२२ मध्ये थिएरी ऑन्रीचा ५१ गोलांचा रेकॉर्ड मोडला, म्हणजे गोल मारता येत नव्हते असंबी नाही. त्याला त्या महिन्यात काम वेगळं दिलं होतं.

आता लगेच कोणतरी म्हणणार, मग काय गोल न मारणाऱ्याला डोक्यावर घेऊन नाचायचं काय? नाही ओ. एकटा गोलकीपर पुढं असताना बॉल गॅलरीत मारला तर शिव्या खाव्याच लागतील, त्यात काही चुकीचं नाही. पण त्याला काय काम दिलं होतं ते बघा आणि मग शिव्या द्या, एवढंच म्हणणं आहे.

रेटिंगच्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. ॲप मोजतं ते बॉलला लागलेले पाय, पास किती, टॅकल किती, शॉट किती. जो बॅक असा उभा राहतो की त्याच्या बाजूला कोणी पास द्यायचं धाडसच करत नाही, त्याच्या खात्यात काय पडणार? काही नाही. नव्वद मिनिटांत एका माणसाच्या पायात बॉल असतो तो दोन-तीन मिनिटं, बाकीचा वेळ तो काय करतो हे त्या आकड्यात नीट बसतच नाही. आणि शाहू स्टेडियमवर कुठलं आलंय रेटिंग, इथलं रेटिंग म्हणजे मागच्या रांगेतल्या आजोबांचं "ह्येला कुणी घेतला रं".

तिसरा मुद्दा मात्र सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा. भारी अकरा उतरवा. स्पेनच्या रेआल माद्रिदनं हेच केलं होतं, आणि पैसा कमी होता असं कोण म्हणणार नाही. २००३ च्या उन्हाळ्यात बेकहॅम आणला, झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल आधीचेच, कागदावर बघितलं तर वरातच. त्याच उन्हाळ्यात क्लॉड मॅकेलेले पगार वाढवून मागत होता, तो नाही दिला आणि त्याला इंग्लंडच्या चेल्सीला जाऊ दिलं, कारण तो काय करायचा तर बॅकच्या पुढं उभा राहून बॉल काढून घ्यायचा आणि दोन मीटरवरच्या गड्याला द्यायचा. पोस्टर कोण लावणार त्याचं? तर २००३ ची लीग जिंकलेल्या रेआलला पुढची लीग बघायला २००७ उजाडलं. आणि इकडं मॅकेलेले पुढं उभा असलेल्या चेल्सीनं २००४-०५ ला लीग जिंकली, ३८ मॅचमध्ये गोल खाल्ले फक्त १५. पंधरा! आपल्याकडं एका सीझनला एवढे गोल नुसते कॉर्नरवर खाल्लेत काही जणांनी.

आपल्याकडचंच बघा की. सीझनच्या तोंडावर दोन-तीन नावाजलेले खेळाडू बाहेरनं आणायचे, पेठेत बॅनर लागतात, पहिल्या मॅचला गॅलरी फुल्ल, आणि मैदानात चौघं एकाच जागेवर बॉल मागत उभे, उजवीकडनं ट्रॅक्टर जाईल एवढी वाट मोकळी. तालमीतल्या वस्तादांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळायचं, जोडीला कोण चालतो आणि कोण नुसताच अंगानं मोठा हे ते आखाड्यात पोरगं उतरल्या उतरल्या सांगायचे. आपले निम्मे संघ तालमीतनंच जन्मले आणि आपणच हे विसरलो.

मागं एकदा मी मुद्दाम एक प्रयोग केला. बॉलकडं बघायचंच नाही, वीस मिनिटं फक्त एका संघाच्या सहा नंबरकडं, म्हणजे बॅकच्या पुढं उभा राहणाऱ्या गड्याकडं बघायचं. अवघड आहे हो, मान आपोआप बॉलकडं वळते. तर ते पोरगं बॉल येण्याआधी दोनदा खांद्यावरनं मागं बघायचं, हातानं डाव्या बॅकला "थांब" म्हणायचं, समोरचा दहा नंबर, म्हणजे त्यांचा हल्ला चालवणारा गडी, सरकला की हा तीन पावलं सरकायचा, आणि वीस मिनिटांत त्या दहा नंबरला तोंड गोलकडं करून बॉल मिळाला तो एकदाच. ह्यानं टॅकल किती केली? एक. शेजारचा मला म्हणतोय, "सहा नंबर आज दिसंनाच की." बरोबर आहे, दिसतच नव्हता.

चौथ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करतो. २२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार, वर्ल्डकपची दुपारी साडेतीनची मॅच, सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ नं पाडलं. सलग ३६ मॅच न हरलेली टीम. त्या संध्याकाळी गल्लीत निळ्या-पांढऱ्या पताकांखाली कोणी कुणाशी बोलत नव्हतं आणि ब्राझीलवाले मात्र उगीचच चहा पाजत फिरत होते (त्यांचा हिशेब पुढं क्रोएशियानं टायब्रेकरवर चुकता केला, तो विषय वेगळा). ग्रुपवर एकच मागणी, सगळे बदला, आधी मधल्या फळीतल्या डी पॉलला हाकला. कोच स्कालोनीनं बदललं का? बदललं, मेक्सिकोविरुद्ध एका झटक्यात पाच बदल. म्हणजे मेसेजवाला जिंकला? थांबा. ज्याला हाकला म्हणून सगळे ओरडत होते तो डी पॉल जागच्या जागी राहिला आणि फायनलपर्यंत सातही मॅच सुरुवातीपासून खेळला. आणि जे काढले त्यातले मोलिना आणि रोमेरो पोलंडविरुद्ध परत आत, मोलिनानं तर क्वार्टरफायनलला नेदरलँड्सविरुद्ध पहिला गोल मारला. म्हणजे बदल करायचा, पण कुणाला आणि का हे बघून करायचा, रागानं नाही.

त्याच टीममधला स्ट्रायकर लाउतारो मार्टिनेझ घ्या. सौदीविरुद्ध गोल मारले ते ऑफसाइड, पुढं जागा गेली अल्वारेझकडं, आणि अल्वारेझनं चार गोल मारून ती जागा पक्की केली. हा निर्णय बरोबरच होता. पण लाउतारो स्पर्धाभर गोलशिवाय राहिला म्हणून आपल्या ग्रुपवर त्याच्या नावानं जे काय लिहिलं गेलं ते आता कोणी उघडून बघत नाही. नेदरलँड्सविरुद्धची शेवटची, मॅच जिंकून देणारी पेनल्टी त्यानंच मारली. घोटा दुखत असताना इंजेक्शन घेऊन खेळत होता हे त्याच्या एजंटनं सांगितलं. आणि २०२४ च्या कोपा अमेरिकेत पाच गोल मारून टॉप स्कोअरर कोण? फायनलला कोलंबियाविरुद्ध ११२ व्या मिनिटाला गोल कुणाचा? मेसेजच्या पहिल्या नियमानं हा माणूस दीड वर्षं आधीच घरी बसला असता.

वशिला. आता इथं खोटं बोलणार नाही, वशिला असतो. शाळेत असताना माझ्याच जागेवर एकजण आला त्याला डावा पाय होता का नाही ह्याचीच शंका होती, पण त्याच्या वडलांनी जर्सी दिल्या होत्या. तेव्हापासून मला पण प्रत्येक टीमशीट बघितली की वास यायचा. पण अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपसाठी भारताच्या संघात गेला, आपल्याच कोल्हापूरचा पोरगा, तेव्हा कोणी वशिला म्हटलं नाही, तेव्हा टॅलेंट. आपला आत गेला की टॅलेंट आणि दुसऱ्या पेठेचा गेला की वशिला, असं कसं चालेल? आणि बरेचदा कारण इतकं साधं असतं की ऐकून हसू येतं. गेल्या सीझनला एक फॉरवर्ड दिसेना म्हणून गॅलरीत काय काय चर्चा, कमिटीशी वाजलं, पैशावरनं फिसकटलं, दुसऱ्या संघाशी बोलणी झाली. पोरगं शिरोली एमआयडीसीत नाइटला होतं. सकाळी सातला सुटून आलेल्या पोराला दुपारी उन्हात कोण पळवणार? कुणाची बारावी असते, कुणाच्या मांडीची शीर ओढलेली असते, कुणाला कार्ड पडलेली असतात. हे कोच माइकवर थोडीच सांगणार.

राहिला शेवटचा, गॅलरीला दिसतं ते कोचला दिसत नाही. ह्यात पण थोडं तथ्य आहे, वरनं बघितलं की मैदानाचा आकार कळतो, कुठं मोकळं पडलंय ते कोचच्या आधी आपल्याला दिसतं. पण गॅलरीला त्या पोराला काय सांगितलंय ते ऐकू येत नाही.

माझा भाचा उजवा बॅक खेळतो. एका मॅचला समोरच्या संघाचा डाव्या कडेनं पळणारा विंगर म्हणजे नुसतं वारं. पहिल्या हाफला भाचा पलीकडच्या बाजूला होता, आम्हाला लांबनं दिसत होता, जागा सोडून वर जाईचना, नुसता विंगरच्या पुढ्यात उभा. विंगरचा अख्ख्या हाफमध्ये एक पण क्रॉस, म्हणजे कडेनं मारलेला बॉल, गोलपुढच्या डीमध्ये आला नाही, पण ते कोण मोजतंय, आम्हाला दिसत होता तो वर न जाणारा बॅक. दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या आणि तो बरोबर आमच्या पुढ्यात आला, लाइनला लागून. मग सुरू. "दोन नंबर, वर जा की!" "पाय भाड्यानं आणलाईस काय!" "मुळं फुटली काय रं तुला!" एक नाही, पन्नास माणसं. पंधरा-वीस मिनिटं राहिली असताना पोरगं गेलं वर. बॉल गेला पायातनं, त्याच्या मागं मोकळं पडलेल्या रानातनं विंगर पळाला, क्रॉस, गोल. आणि तीच पन्नास माणसं, "दोन नंबर, जागा सोडून कुठं तडमडलावतास!"

रात्री बहिणीकडं गेलो तर हा गरम मिठाच्या पाण्यात पाय घालून बसलेला. मी म्हटलं, वर कशाला गेलास रे? म्हणाला, "सरांनी हाफलाइन ओलांडू नको म्हणून सांगितलं होतं." मग? तो पाण्यातल्या पायांकडंच बघत होता. म्हणाला, "मामा, मुळं फुटली काय म्हणून कोण ओरडलं ते मला बघायला पण लागलं नाही. तुमचा आवाज मी कुठंपण ओळखतो."