‘साल्वादोर’ला प्रचारपट ठरवण्याआधी

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या यादवी युद्धावरच्या ऑलिव्हर स्टोनच्या ‘साल्वादोर’ या चित्रपटाचा (1986) विषय निघाला की ठरलेले तीन आक्षेप येतात. हा डाव्या बंडखोरांचा प्रचारपट आहे. अमेरिकेने तिथल्या लष्कराच्या मदतीला जेमतेम 55 लष्करी सल्लागार पाठवले होते. आणि कत्तली दोन्ही बाजूंनी सारख्याच केल्या. यातला एकही टिकत नाही.

प्रचारपट म्हणणाऱ्यांनी सांता आनाची लढाई पुन्हा बघावी. तिथे बंडखोर हाती लागलेल्या सैनिकांना गोळ्या घालतात आणि नायक, अमेरिकी पत्रकार बॉईल, त्यांच्यावर ओरडतो की तुम्हीही तसलेच झालात. प्रचारपटात हा प्रसंग कोण ठेवेल? तपशिलात स्टोनने सूट घेतली आहे, हे खरंच. लष्करी अत्याचारांवर टीका करणारे आर्चबिशप रोमेरो पडद्यावर गच्च भरलेल्या चर्चमध्ये मारले जातात. प्रत्यक्षात 24 मार्च 1980 रोजी एका रुग्णालयाच्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा सुरू असताना त्यांना गोळी घातली. पण खून करवणारा त्याने बदललेला नाही. मेजर मॅक्स हे पात्र ज्याच्यावर बेतलं, त्या अतिउजव्या नेत्या रोबेर्तो दोबुइसोननेच हुकूम दिला, असा निष्कर्ष युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाने 1993 मध्ये काढला. चित्रपटानंतर सात वर्षांनी!

आता ते 55. मर्यादा होती, पण ती सल्लागारांच्या डोक्यांवर. पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण यांना ती लागू नव्हती. अमेरिकी प्रशिक्षकांनी घडवलेल्या, एल साल्वादोरच्या लष्कराच्या अत्लाकात्ल बटालियनने डिसेंबर 1981 मध्ये एल मोसोते गाव संपवलं. 1992 मध्ये चर्चशेजारची एक खोली उकरली, तेव्हा किमान 143 जणांचे सांगाडे निघाले. त्यांतली 131 बारा वर्षांखालची मुलं होती. तिथेच 245 काडतुसांची टरफलं मिळाली. त्यांतल्या 184 टरफलांच्या बुडावरचा शिक्का वाचता येत होता: मिझुरीतल्या लेक सिटीच्या कारखान्यात अमेरिकी सरकारसाठी बनवलेला माल. एवढं समोर असताना सल्लागारांची डोकी मोजत बसणं मला संतापजनक वाटतं.

राहिला ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हा दावा. बंडखोरांनी महापौरांचे खून पाडले, आयोगाने त्यांची नोंद घेतली आहे आणि ती घ्यायलाच हवी होती. पण आयोगापुढे 22,000 हून अधिक तक्रारी आल्या. साक्षीदारांनी त्यांतल्या जवळजवळ 85 टक्क्यांत लष्कर, सुरक्षा दलं, त्यांना जोडलेल्या सशस्त्र टोळ्या आणि मृत्युपथकांवर बोट ठेवलं. बंडखोरांवर सुमारे 5 टक्क्यांत.